गाऱ्हाण्यात मी घातलेलं नाव

वसंता, ती ओळ माझी होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, शाळेत नाही, देवळात तर नाहीच. तू होतास तेव्हा तुला सांगायची संधी निदान पन्नास वेळा आली. मांडवीच्या जेटीवर, वाचनालयाच्या ओट्यावर, तुमच्या पडवीत चहा घेताना. प्रत्येक वेळी मी शाळेतल्या बदल्यांबद्दल नाहीतर आंब्याच्या मोहोराबद्दल काहीतरी बोललो. तुझ्या बाराव्याला तुझ्याच पडवीत बसलो होतो. लोक तुझ्या आठवणी काढत होते. त्यात कुणीतरी म्हणालं, "संशयी होता, पण मनाचा मोठा. चूक कळल्यावर भर सभेत माफी मागितलीन." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. 

तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असं त्यानंतर इथल्या साप्ताहिकाने मला सांगितलं. कचेरीच्या दप्तरखान्यात तीस वर्षं काढलेला, मोडी कागद वर्तमानपत्रासारखे वाचणारा, लोकांच्या जमिनींचे जुने कागद फुकट लावून देणारा असा तू, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते दुसरे लिहितील. मला सटवोजी तांडेलाबद्दल लिहायचं आहे. तुझ्या-माझ्यामध्ये तोच येऊन बसला होता.

सटवोजी तुझा होता. दोनशे वर्षांपूर्वी जुन्या आरमारात एका गलबताचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, होता आणि गलबतासकट बुडाला, एवढंच बाकीच्यांना माहीत. तुला त्याचा एक कागद सापडला होता. काथ्याचे दोर भिजलेले निघाले म्हणून त्याने ते परत पाठवले आणि वर लिहिलं की असल्या दोरावर मी माणसं नेणार नाही. तो कागद तू मला किती वेळा वाचून दाखवलास! "दोर परत पाठवतो रे हा माणूस! वरचे रागावतील, उशीर होईल, तरी परत पाठवतो. असल्या माणसाचं चरित्र कुणीतरी लिहायला हवं." मी म्हणायचो, तूच लिही. तू हात झटकायचास. "मला कागद वाचता येतात. लिहिणं हे तुम्हां मास्तर लोकांचं काम."

म्हणून पुण्याचे एक नामवंत लेखक सटवोजीवर लिहिणार असं कळलं, तेव्हा रत्नागिरीत सगळ्यात जास्त आनंद तुला झाला. ते माहिती काढायला आले त्या दिवशी तू इस्त्रीचा सदरा घालून वाचनालयात आलास. पहिलाच प्रश्न विचारलास, "आपण मोडी वाचता ना?" ते हसले. म्हणाले, "मी माणसं वाचतो." तू दोराचा कागद खिशातून काढलासच नाहीस. त्यांना खाडीकाठ दाखवायचं काम मग माझ्याकडे आलं, कारण सटवोजी आमच्या गावचा असावा असं त्यांचं म्हणणं होतं. गाव आमचं राजापूरच्या वाटेवरचं, एस्टीच्या थांब्यापासून पाऊण तास चालत.

त्या दिवशी काय झालं ते पुढे सांगतो. आधी पुस्तक.

तीन वर्षांनी ते आलं. जाडजूड, कापडी बांधणीचं. वर्तमानपत्रांनी रकाने भरभरून लिहिलं, पुरस्कार मिळाला, वाचनालयात प्रतीसाठी नंबर लागले. तू स्वतःची प्रत घेतलीस आणि वाचण्यासाठी दोन दिवस रजा टाकलीस. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी उभा होतास. तुझा चेहरा मला अजून दिसतो. लग्नाला जावं आणि मांडवात जेवण संपलेलं असावं, तसा.

"वाचलंस?" मी विचारलं.

"वाचतोय. दीडशे पानं झाली. सटवोजी अजून बोटीत चढला नाही."

"मग चाललंय काय?"

"काय चालणार? आभाळ गर्जतंय, आई डोळे पुसतेय, दारात घोडा फुरफुरतोय. घोडा, मास्तर! खाडीकाठच्या तांडेलाच्या दारात घोडा! त्या घोड्याने खायचं काय, सुकी मासळी?"

मी हसलो. तू हसला नाहीस.

"आणि पुढची पानं चाळली, तर आषाढात गलबत हाकारतो. आषाढात! नारळी पुनवेच्या आधी आपल्याकडे कुणी होडी पाण्यात लोटत नाही आणि हा भरल्या आषाढात शिडं उभारून निघाला. वारा कुठला, पाणी कुठलं, काही नाही. दर पानावर समुद्र आहे, पण एकाही पानावर ओल नाही रे."

"लोकांना तर आवडलंय."

"आवडू दे. मला दोर परत पाठवणारा माणूस हवा होता. हा नुसता छाती काढून उभा आहे."

तू नाराज होतास, आणि ती नाराजी खरी होती. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली त्याच पुस्तकात तुझा माणूस तुला सापडला नाही. त्या दिवशी मी तुझ्याबरोबर नाराज व्हायला हवं होतं. पण मी एका गोष्टीची वाट पाहत होतो आणि घाबरलेला होतो. नववं प्रकरण तू वाचलंस की नाही, तेवढंच मला कळून घ्यायचं होतं.

दोन दिवसांनी तू ते वाचलंस.

नवव्या प्रकरणात त्या लेखकांनी लिहिलं होतं की सटवोजी बुडाल्याला दोन शतकं झाली तरी त्याचं गाव त्याला विसरलेलं नाही. शिमग्याला पालखी देवळाबाहेर निघण्याआधी गुरव गावाच्या वतीने देवाला जे गाऱ्हाणं घालतो त्यात आजही त्याचं नाव घेतो. आणि पुढे ती ओळ होती. 'बा देवा म्हाराजा, सटवोजी दर्यावर गेला तो अजून आला नाय. त्याची वाट बघणाऱ्या गावाला सांभाळ.'

ती ओळ पुस्तकाच्या मलपृष्ठावर होती. भाषणांत होती. एका शाळेने ती फळ्यावर लिहिली होती. माझ्याच शाळेने.

तू पुस्तक माझ्या टेबलावर आपटलंस. "हे खोटं आहे."

"कशावरून?"

"गाऱ्हाणं जित्या माणसांचं असतं. पीक येऊ दे, पोरंबाळं सुखी ठेव, मुंबईतल्या चाकरमान्यांना सांभाळ, इडापिडा टाळ. दोनशे वर्षांपूर्वी बुडालेल्यासाठी देवाकडे मागणार काय? आणि दुसरं सांगू? ओळ फार चांगली आहे. गुरव इतकं चांगलं बोलत नाही. ही कुणातरी लिहिणाऱ्याने लिहिलेली आहे."

मी वह्या तपासत होतो. तपासतच राहिलो. तू म्हणालास, "गाव तुझं आहे. तू लहानपणापासून शिमग्याला जातोस. ऐकलंयस कधी हे?"

आणि मी म्हणालो, "ऐकलंय."

एक शब्द. तो शब्द माझ्या तोंडून इतका सहज गेला की मलाही खरा वाटला.

आता तो दिवस सांगतो. मे महिना होता. लेखक आमच्या घरी जेवले. माझ्या म्हाताऱ्या आईने आमरस, फणसाच्या कुयरीची भाजी, सोलकढी असं सगळं केलं होतं. आदल्या दोन तासांत मी त्यांना गावभर फिरवलं आणि प्रत्येकाने सांगितलं की सटवोजी कोण ते आम्हाला ठाऊक नाही. खाडीच्या तोंडाशी एक धोंडा आहे त्याला तांडेलाचा धोंडा म्हणतात, पण कुठला तांडेल ते कुणी सांगेना. लेखकांनी वही मिटली होती. जेवता जेवता म्हणाले, "म्हणजे इथे काहीच उरलं नाही." माझ्या गावात काहीच उरलं नाही! ते वाक्य मला झोंबलं. पुण्याच्या माणसाला मी रिकाम्या हाताने परत पाठवतोय असं वाटलं. मी म्हटलं, "एक आहे. आमच्या गाऱ्हाण्यात त्याचं नाव घेतात."

त्यांनी जेवणाचा हात थांबवला. "शब्द सांगा."

आणि वसंता, शब्द आले. मी जुळवले नाहीत, ते आले. त्यांनी उष्ट्या हाताने पेन उघडलं. म्हातारी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. 

तुला एकट्याला माहीत होतं की मी तरुणपणी कविता करत असे. सगळ्या मासिकांनी साभार परत केल्या. तू वही वाचलीस आणि म्हणालास, "चौथी बरी आहे. बाकीच्या फाडून टाक." मी फाडल्या. माझ्या आयुष्यातली एकच ओळ छापली गेली, ती दुसऱ्याच्या पुस्तकात आणि देवाच्या नावावर. ते पुस्तक माझ्याही हातात आलं तेव्हा मी चोरासारखं वाचलं. आधी नववं प्रकरण. ती ओळ दिसल्यावर मला आनंद झाला, हे आज कबूल करतो. लाज नंतर वाटली. आणि मग पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तेव्हा एकेका वाक्यापाशी अडायला लागलो. ही आईची शपथ कुणी दिली असेल? हा घोडा कुठल्या गावाने दिला? नववं प्रकरण माझं, तर तिसरं कुणाचं, सहावं कुणाचं? प्रत्येक गावात त्या लेखकांना एक मास्तर भेटला असेल आणि प्रत्येकाला रिकाम्या हाताची लाज वाटली असेल. सगळा देश ज्याला डोक्यावर घेऊन नाचत होता ते पुस्तक मला पोकळ लागायला लागलं. तुला ते पोकळ लागलं ते तुझ्या ज्ञानामुळे. मला लागलं ते मी त्यात काय भरलं ते ठाऊक होतं म्हणून.

तू गप्प बसणारा नव्हतास. टिपण लिहायला घेतलंस. एकवीस आक्षेप, एक सोडून प्रत्येकापुढे कागदाचा दाखला. त्यातले काही इथल्या साप्ताहिकात पत्र म्हणून छापून आले आणि रत्नागिरीने तुझी टर उडवली. दप्तरखान्यातला कारकून पुरस्कारवाल्याला शिकवतोय म्हणून! बाजारात कोळीण तुला पापलेट ताजं आहे म्हणाली की पलीकडून कुणीतरी हसून म्हणायचं, "वसंतरावांना दाखला दाखव गो आधी." तू हसण्यावारी न्यायचास. मला म्हणालास, "एकवीसमधल्या वीस गोष्टी कागदावर सिद्ध होतात. एकच राहते. गाऱ्हाण्याची. ती कागदात नाही, ती कानांनी ऐकावी लागेल. शिमग्याला मी तुझ्या गावाला येतो. नाव आलं नाही तर त्या लेखकाला सभेत उभा करतो."

"आणि आलं तर?" मी विचारलं.

"तर मी उभा राहतो."

आपला जुना वाद त्यावरून पुन्हा निघाला. मी म्हटलं, समजा खोटं असलं तरी बिघडलं काय, गावाला जरा अभिमान वाटतो. तू म्हणालास, "गावाला अभिमान द्यायचा असेल तर शाळेची गळकी कौलं बदल. मेलेल्याच्या तोंडात शब्द कसले घालतोस?" तू 'घालतोस' म्हणालास. 'घालतात' म्हणाला नाहीस. तो शब्द मी आजही उलटसुलट करून बघतो.

पालखीच्या आदल्या दिवशी मी गावाला गेलो. तुला सांगितलं होतं की म्हातारीला बरं नाही. तिला बरं होतं. मी गुरवाच्या घरी गेलो. सत्तरीचा माणूस, अंगणात बसून सुपारी कातरत होता. मी पुस्तक उघडून त्याला ती ओळ वाचून दाखवली.

"मास्तर, ह्यो कोन म्हनायचा?" त्याने विचारलं.

"आपल्याच गावचा. जुना तांडेल. त्याचं नाव गाऱ्हाण्यात असायचं."

"आमच्या गाऱ्हान्यात? कदी नवतं."

"पुस्तकात छापलंय, हे बघा."

त्याने पुस्तक हातात घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं. वजन करून बघावं तसं बघितलंन. "छापलंय? मंग आसंल. माजा बापूस इसरला आसंल." आणि मग तो हळहळला. "येवढी वर्सं देवाम्होरं नाव घेतलं नाय म्हंजे आमचाच दोस झाला की वो."

माझा खोटेपणा त्याने आपल्या बापाच्या विसराळूपणावर घेतला. मी ती ओळ त्याच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतली. पोरांकडून पाढे घ्यावेत तशी.

दुसऱ्या दिवशी तू आलास. देवळासमोर ढोल थांबले, गुरव पुढे झाला. बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरं तुज्या पायाशी जमलीत. व्हय म्हाराजा! पोटापान्यासाठी मुंबैला गेलेत त्यांना सुखात ठेव. व्हय म्हाराजा! आणि मग ती ओळ आली. गुरव किंचित अडखळला, पण म्हणाला. जमलेल्या सगळ्यांनी, ज्यांनी ती जन्मात ऐकली नव्हती त्यांनीही, नेहमीच्या जोरात आवाज दिला, व्हय म्हाराजा! आपल्या मागे एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "कोन गेला गो दर्यावर?" तू वळून तिच्याकडे पाहिलंस. मग खिशातली वही काढून काहीतरी लिहिलंस.  

आपण थांब्याकडे चालत होतो. भर दुपार, तापलेला कातळ. तू म्हणालास, "गुरव त्या ओळीला अडखळला."

"वय झालंय त्याचं."

"बाकी कुठे अडखळला नाही."

 एस्टी आली तेव्हा तू म्हणालास, "असेल. मी चुकलो असेन."

आणि पंधरवड्याने वाचनालयात त्या लेखकांचा सत्कार होता. पहिल्या रांगेत शहरातली प्रतिष्ठित मंडळी, मागे आपण. प्रश्नोत्तरं संपत आली तेव्हा तू उठलास. लोक कुजबुजले, आता हा काय काढतो म्हणून. तू म्हणालास, "या ग्रंथातल्या एका गोष्टीबद्दल मी जाहीर संशय घेतला होता. ती मी स्वतःच्या कानांनी ऐकून आलो. मी लेखकांची माफी मागतो." बसलास. लेखक मोठ्या मनाने म्हणाले की संशयानं इतिहास घडत नाही, श्रद्धेनं घडतो. टाळ्या झाल्या. वसंता, मीही टाळ्या वाजवल्या. तू माझ्या शेजारी होतास आणि मी वाजवल्या.

तू एका आक्षेपाची माफी मागितलीस आणि लोकांनी एकवीसही बुडवले. आषाढातलं गलबत, दारातला घोडा, चुकीचा वारा, सगळं. एकात खोटा ठरला तर बाकीच्यात कशाला बघायचं, असं जो तो म्हणायला लागला. तू टिपण बांधून ठेवून दिलंस. मोडी कागद घेऊन कुणी आलं तर म्हणायचास, "दुसऱ्या कुणाकडून एकदा बघून घ्या हो. माझी आता मला खात्री नाही." हे मी ऐकलंय. ज्या माणसाने उभ्या जन्मात एका अक्षराचा अंदाज केला नाही, लागलं नाही तर जागा मोकळी सोडली, तो माणूस स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायला लागला. आणि तो खोटा अविश्वास मी तुला दिला होता.

एवढं होऊन तू माझ्याशी आधीसारखाच राहिलास. माझ्या बायकोला टायफॉइड झाला तेव्हा सरकारी इस्पितळाच्या बाकावर तू अकरा दिवस दुपारचा बसलास, कारण शाळेला परीक्षा होत्या आणि मला सुटता येत नव्हतं. रोज डब्यात कुळथाचं पातळ कळण आणायचास. ती बरी झाल्यावर म्हणाली, "वसंतभावोजींनी माझ्याशी फार बोलणं केलं नाही हो. नुसते बसून होते. पण बरं वाटायचं." मी तुझे आभारही नीट मानले नाहीत. तुझ्या चांगुलपणाचीही मला धास्ती वाटायला लागली होती. हा सगळं ओळखून आहे, आणि म्हणूनच इतका चांगला वागतोय, असं मनात यायचं. उपकार करून मला बोलतं करतोय असं वाटायचं. तुझ्यासारख्या माणसाबद्दल असं वाटणं, याहून माझी दुसरी अधोगती नाही.

बाराव्यानंतर तुझ्या घरून सुमनवहिनींनी मला बोलावलं. "भावोजी, हे तुमच्याकडे असू दे. ते कुणाला देऊ नको म्हणायचे, पण तुम्ही काय परके?" त्यांनी तुझं टिपण दिलं. दोरीने बांधलेलं. वीस आक्षेपांपुढे वीस दाखले, तुझ्या त्या उभट अक्षरात. एकविसाव्यापुढे दाखला नाही. तिथे पेन्सिलीने लिहिलंय, 'मास्तरांना विचारणे.' आणि त्या शब्दांवर शाईने काट मारलेली आहे.

ती काट तू कधी मारलीस? शिमग्याला ऐकून आल्यावर, आता विचारायचं काही उरलं नाही म्हणून? की त्याच्या आधीच, उत्तर कळलं म्हणून? मी ते पान उजेडाला धरून बघितलंय. शाई काही सांगत नाही. पण माझ्या त्या चौथ्या कवितेत, जी तू बरी म्हणाला होतास, तिच्यात 'वाट बघणारं गाव' असे शब्द होते. तू एकदा वाचलेलं विसरत नसायचास. दोनशे वर्षांपूर्वीचा दोराचा कागद तुला तोंडपाठ होता, मग माझी कविता नसेल? आणि असेल, तर सभेत तू कुणासाठी उभा राहिलास? लेखकाला सभेत उभा केला असता तर त्याने पहिलं माझंच नाव घेतलं असतं, हे तुला दिसत होतं का? मला वाचवण्यासाठी तू स्वतःला खोटं ठरवलंस का?

मला याचं उत्तर कधीच मिळणार नाही. तू ओळखलं नसशील तर मी तुला फसवलं. ओळखलं असशील तर मी तुला फसवलं आणि तू ते एकट्याने सोसलंस. दुसरं मला जास्त खरं वाटतं आणि म्हणून जास्त सहन होत नाही.

गेल्या शिमग्यालाही ती ओळ गाऱ्हाण्यात आली. जुना गुरव गेला, आता त्याचा मुलगा म्हणतो. तो अडखळत नाही. मुंबईहून आलेले चाकरमानी तिची वाट बघतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. आणखी वीस वर्षांनी एखादा दुसरा वसंता येईल, वही काढेल, आणि त्याला ती जुनीच वाटेल. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे असं ऐकतो. त्यात त्या प्रकरणाला छायाचित्रं घालणार आहेत. एक पत्र आलं आहे, मी छायाचित्रकाराला गावात नेईन का म्हणून. पत्राला उत्तर दिलेलं नाही.

हा लेख मी देतो आहे, म्हणजे रत्नागिरीत चार लोक वाचतील, मला नावं ठेवतील, काही दिवसांनी विसरतील. ते मला झेपेल. शाळेतली माझी दोनच वर्षं राहिलीत. पण गावच्या देवळात, पालखीसमोर, सगळे जमलेले असताना, हे नाव मी घातलं आणि ते काढा, असं मला अजून म्हणता आलेलं नाही. तुझ्या टिपणाची नक्कल करायला घेतली आहे. वीस आक्षेप झाले, एकविसाव्यापुढे माझं नाव लिहायचं आहे, तिथे हात थांबतो.

त्या सभेत तू जी माफी मागितलीस ती माझी होती. ती मी अजून मागितलेली नाही.